रविवारची होडी, आणि सोबत लहान मुलं (आमच्या कुडाळच्या सोसायटीचा ग्रुप)

निनादचे बाबा (ए-३०४): मंडळी, रविवारचं पक्कं करूया. देवबागला पॅकेज मिळतंय. डॉल्फिन, कर्ली नदीचा संगम, त्सुनामी आयलंड आणि परत, अडीच तास. मोठे चौदा, मुलं नऊ धरलीत. दुपारी जेवून निघू, साडेतीनला बोटीत. कोण कोण?

ओवीचे बाबा (सी-२०४): आम्ही तिघे 👍

रेवाची आई (बी-२०२): आम्हालाही यायचंय, पण रेवा चार वर्षांची आहे. अडीच तास एका जागी ती घरच्या सोफ्यावरसुद्धा बसत नाही.

निनादचे बाबा: डॉल्फिन दिसले की बसेल गप.

रेवाची आई: आणि नाही दिसले तर? 😀

अद्वैतची आजी (सी-२०२): आमचा अद्वैत दहा महिन्यांचा. सुनेची फार इच्छा आहे. तो पोटाशी बांधायचा पट्टा असतो ना, त्यात घेतलं की झालं. हातही मोकळे राहतात.

डॉक्टर वहिनी (बी-१०४): काकू, बाजारात जाताना तो पट्टा उत्तम. होडीत मात्र नको. पाण्यात पडायची वेळ आलीच तर जॅकेट आईला वर आणेल, पण बाळ तिच्या छातीशी बांधलेलं असेल. त्याचं तोंड पाण्याबाहेर राहीलच असं नाही, आणि भिजलेल्या पट्ट्याची बकलं त्या गोंधळात सुटत नाहीत. बाळाला स्वतःच्या मापाचं जॅकेट हवं. दहा महिन्यांच्या बाळाचं जॅकेट आपल्याकडे बोटीवर मी तरी अजून पाहिलेलं नाही.

अद्वैतची आजी: म्हणजे आम्ही घरीच.

डॉक्टर वहिनी: घरी कशाला? तुम्ही आणि अद्वैत काठावर थांबा, सून जाऊन येईल. अडीच तासांचा तर प्रश्न आहे.

निनादचे बाबा: वहिनी, थोडं जास्त होतंय असं नाही वाटत? नदीतून जायचंय, भर समुद्रात नाही. खाडीचं पाणी तळ्यासारखं शांत असतं. आम्ही लहानपणी टायरच्या ट्यूबवर पोहलोय.

कुलकर्णी मॅडम (सी-१०३): तळ्याचं नाव काढलंत म्हणून सांगते. वडोदऱ्याचा हरणी तलाव, १८ जानेवारी २०२४. शाळेची सहल. समुद्र नाही, नदी नाही, साधा तलाव. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर जॅकेटच नाही. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्या दिवसापासून सहलीच्या कागदावर सही करताना मी पाणी शांत आहे का हे विचारत नाही. मुलं किती, जॅकेटं किती, एवढंच विचारते.

ओवीचे बाबा: 🙏

निनादचे बाबा: बरोबर आहे मॅडम. जॅकेट देतात तिथे, मी विचारलंय.

रेवाची आई: मुलांच्या मापाची?

निनादचे बाबा: ते विचारलं नाही.

सी-१०१: पाण्याची मोटर कोणी बंद केली का? टाकी भरून वाहतेय.

सेक्रेटरी (सी-३०१): केली.

रेवाची आई: मागच्या वर्षी एका ठिकाणी आम्हाला मोठ्यांचंच जॅकेट दिलं होतं. रेवाला घातलं तर गुडघ्यापर्यंत. तो माणूस म्हणाला, दोरी घट्ट बांधा. बांधली. मग मी खांद्यावर धरून जॅकेट वर उचललं, तर जॅकेट माझ्या हातात आणि रेवा खाली उभी. तिथूनच परत फिरलो.

डॉक्टर वहिनी: ही परीक्षा सगळ्यांनी काठावरच घ्या. जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर ओढायचं. हनुवटी आणि कान आत गेले तर ते जॅकेट त्या मुलाचं नाही. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून येणारा पट्टाही लागतो, नाहीतर पाण्यात ते डोक्यावरून निघून येतं. माप वयावर नसतं, वजनावर असतं.

परब काका (ए-१०१): 🎤 व्हॉइस मेसेज

परब काका: 🎤 व्हॉइस मेसेज

ओवीचे बाबा: काका, ऑफिसात आहे, ऐकता येत नाही. कोणी लिहाल का?

कुलकर्णी मॅडम: मी लिहिते. काका देवबागचे, त्यामुळे एक शब्द गाळत नाही. मालवणी जिथे जमली तिथे तशीच ठेवलीय.

«माका इचारशात तर साडेतीनची वेळ पोरांसाठी काय खरी नाय. थंडीच्या दिवसांत पहाटेपासून जमिनीवरून मतलई वारा असतो, सकाळी पाणी गुळगुळीत. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. त्याच वेळी ओहोटी लागलेली असली तर नदीचं पाणी बाहेर धावतं आणि वारा त्याला आत ढकलतो. संगमावर दोघांची गाठ पडते आणि लाट आखूड, उभी होते. मोठ्या माणसाला मजा वाटते. चार वर्षांचं पोर दुसऱ्या धक्क्याला रडतं, तिसऱ्याला ओकतं. डॉल्फिन बघायला बोट संगमाच्या बाहेर काढावी लागते, म्हणजे तुम्ही नदीत नाही, समुद्रातच गेलात.

आता वेळ कशी धरायची? आमच्या घरात भरतीचं कोष्टक नव्हतं, कालनिर्णय होतं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वा अकरा. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. रविवारी शुद्ध त्रयोदशी आहे. तेराचे पाऊणपट म्हणजे पावणेदहा. अर्धा तास इकडेतिकडे धरा.

भरती-ओहोटीच्या मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात जोरात धावतं. पौर्णिमा जवळ असली की जास्तच, कारण उधाण. टोकाला आलं की सुस्त होतं. म्हणून भरती पुरी व्हायच्या तास-दीड तास आधी चढायचं आणि पाणी उभं असताना उतरायचं. पाणी वर असलं की होडी पार धक्क्याला लागते. ओहोटीला तीच धक्क्याखाली राहते, पायऱ्यांवर शेवाळ, आणि तुम्ही कडेवर पोर घेऊन उतरणार. पाय घसरतात ते तिथेच, मध्यावर नाही.»

रेवाची आई: काका, हे छापून लावायला हवं.

ओवीचे बाबा: मोबाइलवरच्या ॲपमध्ये बघितलं. रविवारची भरती काकांच्या वेळेच्या आसपासच दाखवतोय 😮

निनादचे बाबा: पण काका, भरतीला त्सुनामी आयलंड पाण्याखाली जातं ना? वाळूचा पट्टा ओहोटीलाच उघडा पडतो. मुलांना तिथेच तर खेळायचंय.

परब काका: होय. ता खरा. वाळू हवी तर ओहोटी, शांत पाणी आणि सोपी चढ-उतार हवी तर भरती. दोन्ही एका तिकिटात नाय गावत.

निनादचे बाबा: मग अर्धी मजा गेली.

कुलकर्णी मॅडम: मजा कोणाची? निनाद अकरा वर्षांचा, पोहायला येतं, त्याला संगम, लाटा सगळं आवडेल. रेवा, ओवी आणि तळमजल्यावरची जुळी यांना मोठी बोट, इंजिनचा आवाज, डिझेलचा वास आणि लांब कुठेतरी डॉल्फिनची पाठ, यात काय सापडणार? मी एक दुसरं सुचवते. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफारी चालवतात, २०१७ पासून. होडी वल्ह्यांनी हाकतात. इंजिन नाही, त्यामुळे ताईंनी सांगितलेलं मुलांना ऐकू येतं. आमच्या शाळेची तिसरीची मुलं मी नेली होती.

रेवाची आई: तिथे लहान मुलांना बघायला काय असतं?

कुलकर्णी मॅडम: अगं, सगळं त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर! होडी इतकी हळू जाते की बोट दाखवून ‘ते बघ’ म्हणेपर्यंत ते पुढे गेलेलं नसतं. कांदळाची मुळं कमानीसारखी पाण्यात उतरलेली. तिवराची मुळं चिखलातून उलटी वर, हवा घ्यायला. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, हिरव्या शेंगेसारखं लोंबतं आणि मग खाली चिखलात पडून तिथेच उभं राहतं. आमच्या एका मुलाने विचारलं होतं, मग ते शाळेत कधी जातं? खंड्या दिसतो, बगळे दिसतात. निवट्या तर मुलांना फारच आवडतात, मासा असून चिखलात उड्या मारतो म्हणजे काय!

परब काका: निवटी दिसायला थोडा चिखल उघडा हवो. भरती पुरी झाली की सगळा पाण्याखाली. आठच्या सुमारास पोचा, कडेचा चिखल बुडता बुडता असतो. कुर्ल्यो पण दिसतील. नवाक परत या.

डॉक्टर वहिनी: तास पुरे. चारच्या आतल्या मुलांचा तोच आवाका. शू चढायच्या आधी, सगळ्यांची, लागलेली असो नसो. नाश्ता निघायच्या तासभर आधी आणि हलका. होडीत केळं किंवा खोबऱ्याची वडी चालेल, वेफरचं पाकीट नको, ते उडून खाडीतच जातं. टोपीला नाडी हवी. स्लीपर नको, मागे पट्टा असलेली चप्पल.

ओवीचे बाबा: पण वल्ह्याची छोटी होडी कलंडत नाही का? मला तरी मोठी इंजिनची बोटच जास्त भरवशाची वाटते.

परब काका: हलते लगेच. पण कलंडते ती माणसांमुळे. सगळे एका बाजूला फोटोला उठले की संपलं. आमच्याकडच्या जुन्या होड्यांना म्हणूनच उलांडी बांधत, बाजूला आडव्या काठ्यांवर लाकडाचा ओंडका. तो पाण्यावर टेकलेला असतो, तोल धरतो. इंजिनं आली तशा त्या कमी झाल्या. उलांडी असो नसो, मुलं मध्ये आणि खाली बसवायची. फळीवर नको, तळाशीच. नाळेवर कोणी नाही, फोटोपुरतंही नाही.

निनादचे बाबा: नाळ म्हणजे पुढचं टोक ना? माझा प्रोफाइल फोटो तिथलाच आहे 🙈

सेक्रेटरी: एक नियम करूया. प्रत्येक लहान मुलामागे एक मोठा माणूस, ज्याच्या हातात मोबाइल नाही. फोटो काठावरून काढा, अद्वैतच्या आजी काढतील.

अद्वैतची आजी: काढीन की. सगळ्यांची डोकी मात्र कापली जातात माझ्या फोटोत.

तळमजला, जुळ्यांची आई (ए-००२): मी एकटी आहे, हे दौऱ्यावर. दोघं तीन वर्षांची. मला नाही जमणार बहुतेक.

कुलकर्णी मॅडम: एकाला मी घेते. जो कमी चावतो तो.

जुळ्यांची आई: दोघंही सारखेच चावतात मॅडम, पण थँक्यू 😄

निनादचे बाबा: ठीक. मग असं करतो. सातच्या खालची मुलं आणि त्यांची माणसं वेंगुर्ल्याला. मी निनाद आणि त्याच्या दोन मित्रांना घेऊन देवबागला जातो, त्यांना मी कबूल केलंय. पण सकाळी जातो, आयलंड राहू दे. काका, चालेल?

परब काका: चलात. संगमावर वाढत्या पाण्यात जा, ओहोटी लागायच्या आत नदीत परत. बोटीवर मेरीटाइम बोर्डाचो नंबर आणि प्रवासी किती ता बघून मगच चढा. पोरगा लहान म्हणून मोजूक नको असा कोण म्हणालो तर उतरा.

निनादचे बाबा: हो काका.

रेवाची आई: माझं अजूनही एक आहे. तिथे पोचल्यावर रेवा म्हणाली ‘मला नाही बसायचं’, तर? तिचं होतं असं.

डॉक्टर वहिनी: तर नाही बसायचं. काठावर अद्वैतच्या आजींची कंपनी आहेच. उचलून, रडवून नेऊ नका. घाबरलेलं मूल होडीत उभं राहतं, आणि ते सगळ्यांनाच धोक्याचं.

ओवीचे बाबा: पैसे दिलेले असले तरी?

डॉक्टर वहिनी: तरी.

सेक्रेटरी: वेंगुर्ल्याला फोन करून आलो. मुलांची जॅकेटं किती लागतील ते आधी कळवा म्हणाल्या, आहेत तेवढी बाजूला ठेवतील. कमी पडली तर तेवढी मुलं दुसऱ्या फेरीला, बिनजॅकेटचं कोणी चढणार नाही असं त्यांनीच सांगितलं. मुलांची वजनं टाका. साडेसहाला गेटवर, पावणेसातला गाड्या हलतील.

रेवाची आई: रेवा १५ किलो.

ओवीचे बाबा: ओवी १७.

जुळ्यांची आई: १२ आणि १३. तेरावाला जास्त चावतो.

कुलकर्णी मॅडम: मग बारावाला माझा.