‘आभासी जग’ बरोबर का? आणि त्याची ओढ, नाद की चटक?

औसेकर: गेममधल्या दुनियेला सगळे ‘आभासी जग’ म्हणतात. पण भास म्हणजे नसलेलं दिसणं. तिथं पैसा खरा जातो, भांडणं खरी होतात. शब्द चुकतोय का? लेखात ‘आभासी जगाचे आकर्षण’ लिहिलंय, तेही मिळमिळीत वाटतंय.

पैठणचा वाचक: शाळेच्या विज्ञानात ‘आभासी प्रतिमा’ चपखल आहे. आरशातली प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही. पण ‘आभासी’ ज्याच्यासाठी वापरतात त्या इंग्रजी ‘व्हर्च्युअल’चं मूळ लॅटिन ‘व्हर्टुस’, म्हणजे गुण, सामर्थ्य. त्यातून ‘नावाला नसलं तरी परिणामानं तेच’ हा अर्थ आला. आपल्याकडं झुकाव उलटा: तर्कशास्त्रातला हेत्वाभास हेतूसारखा, म्हणजे खऱ्या कारणासारखा दिसतो, पण हेतू नसतो. म्हणून ‘आभासी’ म्हटलं की ‘खोटं’ ऐकू येतं.

औसेकर: मग ‘मायावी’?

पैठणचा वाचक: नको. मायावी म्हणजे माया करणारा, राक्षसाचं विशेषण. मायेनं झालेलं ते ‘मायिक’, पण हा शब्द आता पोथीतच उरलाय. मला ‘सोंग’ जवळचं वाटतं. भारुडात सोंग घेणाऱ्याला आणि बघणाऱ्याला, दोघांनाही ते सोंग आहे हे ठाऊक असतं. पैशाचं सोंग मात्र आणता येत नाही म्हणतात, तेही इथं लागू पडतं: 2003 साली सुरू झालेल्या ‘सेकंड लाइफ’ या ऑनलाइन दुनियेतलं चलन, लिंडेन डॉलर, खऱ्या डॉलरमध्ये बदलून मिळतं.

परभणीकर: ‘आभासी’ रुळलाय, राहू द्या. ‘आकर्षण’ मात्र काढाच. पहिल्या नजरेची ती भुरळ, चार दिवसांत उतरते. नाद टिकतो, आणि तो वाईटच असतो असं नाही, भजनाचाही असतो. पण ‘नाद लागला’ आणि ‘नादी लागला’ यांत फरक आहे, दुसऱ्यात ठपका येतो. ‘पोरगं नुसतं गेम खेळायलंय’ याच्यापुढं लोक बहुतेक हाच दुसरा जोडतात.

चटक चवीची. गेममधली, काय निघंल ते माहीत नसलेली पेटी पैसे देऊन उघडायची, काही निघालं नाही की पुन्हा उघडायची, ही चटक. बेल्जियमनं 2018 मध्ये अशा काही पेट्या जुगारात धरल्या.

‘व्यसन’ मात्र जपून. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात (लागू 1 जानेवारी 2022) गेमिंगचा विकार म्हणायला तीन गोष्टी लागतात: खेळण्यावर ताबा नसणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम, आणि नुकसान दिसूनही न थांबणं. तेही साधारण 12 महिने. सुट्टीतल्या आठवडाभराच्या जागरणाला हा शब्द लावू नका.

औसेकर: आणि ओढ?

परभणीकर: ओढ माणसांची. रोज रात्री ठरल्या वेळी तीच चौघं खेळायला येतात, त्यांच्यासाठी जो जातो त्याला ओढ म्हणा. फक्त क्रियापद सांभाळा: ‘ओढ लागली’ लिहा. ‘ओढ दिली’ म्हटलं की आपल्याकडं पाऊसच आठवतो.

पैठणचा वाचक: लेखात ‘आभासी मित्र’ असेल तर तिथं ‘ऑनलाइन मित्र’ करा. नाहीतर वाचणाऱ्याला ते संगणकानं चालवलेलं पात्र वाटेल.