आठ फुटी टेबल, म्हणून सोपं?

'मॉस्कोनीचे 526 आठ फुटी टेबलावरचे, त्यात काय मोठं' असं वर कोणीतरी लिहिलंय. (विली मॉस्कोनी या अमेरिकन खेळाडूने 1954 मध्ये स्ट्रेट पूल या पूलच्या प्रकारात न चुकता सलग 526 चेंडू पॉकेटमध्ये घातले होते.) अर्धंच पटलं.

आठ फुटीचं खेळायचं क्षेत्र 44 बाय 88 इंच, नऊ फुटीचं 50 बाय 100. म्हणजे नऊ फुटी जवळपास 29 टक्के मोठं. पण चेंडू तेच, सव्वादोन इंची! छोट्या टेबलावर शॉट जवळचे मिळतात हे खरं, पण रॅक (त्रिकोणात रचलेले चेंडू) फोडल्यावर चेंडू पांगायला जागाच नसते. कॅरममध्ये सोंगट्या मधे चिकटून बसल्या की कसं होतं, तसंच. स्ट्रेट पूलमध्ये दर 14 चेंडूंनंतर रॅक पुन्हा लावतात, म्हणून हे पुन्हा निस्तरायचं असतं.

माझ्या मते खरा फरक पॉकेटचा. 1954 च्या त्या टेबलाची कोपऱ्यातली पॉकेट सव्वापाच इंची होती असं सांगतात. आज साडेचार धरा. पाऊण इंच ऐकायला किरकोळ वाटतं, पण चेंडूची रुंदी वजा केली की मोकळीक सव्वादोनवरून तीन इंच, म्हणजे एक तृतीयांशाने जास्त. रॅक फोडणारा ब्रेक शॉट जोरात मारताना हे जाणवतं. आमच्या क्लबातल्या घट्ट टेबलावर कुशनलगतचा चेंडू जरा जोरात गेला की पॉकेटच्या जबड्यात खडखडतो आणि बाहेर येऊन समोर बसतो. मग हात आपोआप आखडतो, रॅक नीट फुटत नाही.

बाकी अमेरिकन खेळाडू जॉन श्मिटचे 2019 मधले सलग 626 चेंडू नऊ फुटीवरचे आहेत, तेव्हा टेबलाच्या नुसत्या लांबीचं कौतुक पुरे.