मदत हवी आहे: पेटी उघडली की रडू येतं

नमस्कार मंडळी. दोन वर्षांत चौथ्या स्थळाकडून नकार आलाय. या वेळी मात्र जीव गुंतला होता. वांद्र्याच्या कॅथलिक चर्चमध्ये मोतमाऊलीपुढे मेणबत्तीही लावून आले (आम्ही प्रोटेस्टंट, आईला सांगू नका!). रात्री पेटी काढते, ना. वा. टिळकांची भजनं म्हणते, पण दुसऱ्या कडव्याला गळा दाटतो आणि हात नुसताच भात्यावर राहतो. बायबलच्या स्तोत्र १३ मधलं 'कोठवर?' तेवढं मनापासून निघतं. 'देवाची वेळ येईल' ऐकून कान किटलेत. अशा दिवसांत कोणी गाणं टिकवलंय का? कसं? विलंबित लयीची, वरच्या पट्टीत न जाणारी मराठी ख्रिस्ती भजनं सुचवा. चाळीत राहतो, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ झोपलेलं असतं.