गुहागरात 10 खोल्यांचं लॉज: हाताशी 8 लाख, आधी कशात घालावेत?

पोफळीची_सावली
समुद्रापासून पाच मिनिटांवर लॉज आहे. 10 खोल्या, त्यातल्या 6 एसी. गेल्या बारा महिन्यांत 1,390 खोली-रात्री विकल्या (38 टक्के), सरासरी भाडं कर सोडून 1,800. शनिवार, दिवाळीची सुट्टी, 25 ते 31 डिसेंबर आणि मे महिना फुल्ल. सोमवार ते गुरुवार जेमतेम दोन-तीन खोल्या. निम्मं बुकिंग ॲपवरून, कमिशन 20 टक्के. भाऊ म्हणतो तरणतलाव बांधू. माझं मत, उरलेल्या चार खोल्यांना एसी आणि एक जनरेटर. रिव्ह्यूत दोनच तक्रारी पुन्हा पुन्हा येतात: चादरी पिवळट आणि बाथरूमला वास.

खातेवही
तरणतलाव कोणाला हवाय? शनिवारी पोरंबाळं घेऊन येणाऱ्यांना. ते आधीच येतायत, उलट जागा नाही म्हणून परत जातायत. तलावाने अकरावी खोली उगवत नाही. भाडं वाढवता येईल म्हणाल, तर ते तलावाशिवाय आजही येईल. शनिवार पंधरा दिवस आधीच भरत असेल तर तुमचा दर कमी आहे. दोन-तीन दिवस आधी शेवटची खोली जाईल इतका चढवा. 25 ते 31 डिसेंबरला किमान दोन रात्री आणि निम्मा आगाऊ.

आता ॲप. 2,000 च्या खोलीवर कमिशन 400, त्यावर 18 टक्के जीएसटी 72, हातात 1,528. ॲपवाले आगाऊ कर म्हणून टीसीएस (जीएसटीतला) अर्धा टक्का आणि टीडीएस (आयकरातला) 0.1 टक्का कापतात ते 12 रुपये हिशेबात परत मिळतात, 72 मात्र मिळत नाहीत. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 पर्यंतच्या खोलीला जो 5 टक्के दर आहे, तो इनपुट क्रेडिटशिवायचा, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून मिळत नाही. म्हणून एसी, गिझर, जनरेटर यांची कोटेशनंही जीएसटी धरूनच ताडून बघा, तो कर तुमच्याच खिशातून जाणार.

तुमच्या आकड्यांवर: ॲपच्या 695 रात्री × 1,800 × 23.6 टक्के (कमिशन 20 आणि त्यावरचा जीएसटी 3.6), म्हणजे वर्षाला सुमारे 2 लाख 95 हजार. यातला तिसरा हिस्सा थेट फोनवर वळला तरी लाखाच्या आसपास वाचतात, तेही काही न बांधता. एकदा ॲपवरून आलेला माणूस दुसऱ्यांदा थेट यायला हवा. चेक-आउटला व्हॉट्सॲप नंबरचं कार्ड द्या, गुगल मॅपवरचा फोन चालू आहे ना ते बघा. थेट बुकिंगला भाडं उतरवण्याऐवजी नाश्ता द्या. काही ॲपच्या करारात इतरत्र कमी दर दाखवायला बंदी असते, करार वाचून घ्या.

पाइपपाना
तक्रारींवर येतो, कारण त्या स्वस्तात मिटतात.

वास: आठवड्यात चार दिवस खोल्या रिकाम्या असतात हेच बहुधा मूळ. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या वाकड्या भांड्यात, साधारण 50 मिमी पाणी उभं असतं, तेच गटाराचा गॅस अडवतं. वापर नसला की ते आटतं. रिकाम्या खोलीत आठवड्यातून दोनदा प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि फ्लश करा. भरलेल्या खोलीतही वास येत असेल तर कारण वेगळं. वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर खाली गुडगुड ऐकू येते का? तसं असेल तर व्हेंट पाइप (सांडपाण्याच्या नळाला हवा देणारा) नाही किंवा तुंबलाय, आणि ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातंय. व्हेंट स्लॅबच्या वर न्यायला लागेल. सुगंधी गोळ्यांवर पैसे घालवू नका.

चादरी: अख्खी चादर एकसारखी पिवळी असेल तर पाण्यात लोह आहे, आपल्याकडच्या जांभ्यात ते सापडतंच. फक्त उशीकडची बाजू पिवळी असेल तर डोक्याचं तेल. परीक्षा सोपी: पांढऱ्या बादलीत पाणी रात्रभर ठेवा, तळाशी तांबूस गाळ बसला की लोह. लिटरला 0.3 मिलिग्रॅमच्या वर गेलं की कपड्यांना डाग धरतो. आणि अशा पाण्यात क्लोरीनचं ब्लीच घातलंत की लोहाचा गंज होऊन धाग्यातच बसतो. म्हणजे चादर पांढरी करायला जाल तितकी पिवळी होते.

पोफळीची_सावली
बादलीत लाल गाळ बसला. आणि हो, धुणाऱ्या बाई ब्लीच घालतात.

पाइपपाना
मग ते आजच बंद. ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेलं) आणि गरम पाणी वापरा. जुन्या डागांना प्लास्टिकच्या टबात 5 लिटर कोमट पाण्यात चमचाभर ऑक्झॅलिक ॲसिड, वीस मिनिटं, मग तीन पाण्यांतून खळबळून काढा. विषारी आहे: हातमोजे घाला, नाव लिहून कुलपात ठेवा. कायमचा उपाय म्हणजे टाकीत पाणी वरून फवाऱ्यासारखं पाडायचं, रात्रभर निवळू द्यायचं, पुढे वाळूचा फिल्टर. पलंगामागे चादरींचे तीन संच हवेतच, पावसाळ्यात चार. सुती-पॉलिस्टर मिश्र कापड लवकर वाळतं.

कुळाचार
सोमवार ते गुरुवारचं गिऱ्हाईक तुमच्या दारावरून जातंय. गुहागरचा व्याडेश्वर कितीतरी घरांचं कुलदैवत, त्याच पट्ट्यात वेळणेश्वर आणि हेदवीचा दशभुज गणेश. ही माणसं गर्दी टाळून आडवारी येतात, बरोबर आई-वडील असतात, आणि ॲप न बघता फोन करून विचारतात. त्यांचे प्रश्न ठरलेले: तळमजल्यावर खोली आहे का? कमोड आहे का? अभिषेकाला जायचंय, पहाटे पाचला गरम पाणी मिळेल का? कांदा-लसणाशिवाय जेवण? चारही उत्तरं 'हो' असतील तर ती खोली गेलीच समजा.

तळमजल्याच्या खोल्या आडवारी त्यांच्यासाठी राखा. कमोडशेजारी 75 सेंमीच्या आसपास आधाराचा दांडा लावा. भिंत चिऱ्याची असेल तर स्क्रूच्या साध्या प्लास्टिक गिट्टीवर भरवसा ठेवू नका, आजोबांनी भार टाकला की निघून हातात येते. केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) नाहीतर आरपार बोल्ट आणि मागून पट्टी. सोमवार ते गुरुवार रोज एकच खोली जास्त गेली तर 208 रात्री. 1,600 ने सुमारे 3 लाख 33 हजार, कमिशन शून्य.

खातेवही
यात भर एवढीच की त्यातून धुणं, वीज, नाश्ता वजा करा. एसी रात्रभर चालला की 8-10 युनिट धरा.

तीनफेज
चार एसी मे महिन्यासाठी घ्या, पण 12 बाय 12 च्या खोलीला वर स्लॅब तापत नसेल तर 1 टन पुरतो. खाऱ्या वाऱ्यात बाहेरचं युनिट समुद्राच्या विरुद्ध बाजूला, कोटिंगवाली तांब्याची कॉइल, स्टेनलेसचे बोल्ट, आणि पंधरा दिवसांतून एकदा गोड्या पाण्याने हलकं धुणं.

जनरेटर: दहाही एसी 1.5 टनी धरले तरी 16-17 किलोवॅट. 25 केव्हीए म्हणजे सुमारे 20 किलोवॅट, त्यात दिवे-पंखे बसतात. गिझर मात्र त्या लाइनवर नको. दहा गिझर × 2 किलोवॅट एकदम लागले की मशीन बसलंच. वायरिंग करतानाच त्यांची लाइन वेगळी काढा. पहाटेच्या गरम पाण्याला सोलर लावणार असाल तर टाकीत बॅकअप हीटर हवाच, जून ते सप्टेंबर उन्हाची खात्री नाही.

पोफळीची_सावली
तळमजल्याला तीनच खोल्या आहेत, त्यातल्या दोन बिगर एसी. म्हणजे एसी आणि दांडे आधी त्या दोन खोल्यांत, वाळूचा फिल्टर त्याच महिन्यात. भावाला 2 लाख 95 हजारांचा कागद दाखवतो.