‘आफ्रिकाना’ या संज्ञेत नेमके काय येते?

प्रश्न
ग्रंथालयांच्या आणि जुन्या पुस्तकांच्या सूचींमध्ये ‘आफ्रिकाना’ असा विभाग आढळतो. त्यात केवळ आफ्रिकेत निर्माण झालेले साहित्य येते, की आफ्रिकेविषयी अन्यत्र तयार झालेलेही? लंडनमध्ये छापलेले केपचे (आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील प्रदेशाचे) प्रवासवर्णन आणि पश्चिम आफ्रिकेतील योरूबा समाजाच्या कारागिराने कोरलेला गेलेडे सोहळ्याचा मुखवटा ही दोन्ही एकाच शीर्षकाखाली नोंदवावीत काय?

उत्तर १
निर्मितीचे ठिकाण येथे गौण आहे. आफ्रिका हा ज्याचा विषय आहे असे पुस्तक, नकाशा, हस्तलिखित किंवा चित्र कोठेही तयार झालेले असले तरी ते आफ्रिकानात मोडते. दक्षिण आफ्रिकेतील संग्राहक आणि ग्रंथविक्रेते मात्र हा शब्द बहुधा खंडाच्या दक्षिण भागापुरता वापरतात. तेथे एकोणिसाव्या शतकातील चित्रकार थॉमस बेन्स यांची चित्रे किंवा केपचे जुने नकाशे हे आफ्रिकानाचे ठळक नमुने मानले जातात. जोहान्सबर्गचे आफ्रिकाना म्युझियम जॉन गॅस्पर्ड गबिन्स यांच्या संग्रहातून उभे राहिले आणि १९९४मध्ये त्याचे नाव म्युझियम आफ्रिका झाले. (दक्षिण आफ्रिकेतील डचोद्भव आफ्रिकान्स भाषेतील साहित्य म्हणजे आफ्रिकाना, हा समज चुकीचा आहे.)

उत्तर २
अमेरिकेतील वापर याहून व्यापक आहे, कारण तेथे आफ्रिकेबाहेर विखुरलेला आफ्रिकी वंशाचा समाजही त्यात धरला जातो. कॉर्नेल विद्यापीठाचे १९६९मध्ये सुरू झालेले आफ्रिकाना अध्ययन केंद्र याच अर्थाने ते नाव लावते. ‘एन्सायक्लोपीडिया आफ्रिकाना’ या विश्वकोशाची कल्पना कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉय यांनी १९०९मध्येच मांडली होती. घानाचे अध्यक्ष एन्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून ते १९६१मध्ये त्याच कामासाठी घानाला गेले, परंतु १९६३मध्ये त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील वृत्तपत्र कॉर्नेलच्या व्याख्येत सहज बसेल, जोहान्सबर्गच्या विक्रेत्याच्या सूचीत बहुधा नाही.

उत्तर ३
मुखवट्याचा मुद्दा वरील उत्तरांत राहून गेला आहे. गेलेडेचे मुखवटे ज्येष्ठ स्त्रियांच्या सामर्थ्याचा गौरव करणाऱ्या सोहळ्यात पुरुष नर्तक धारण करतात. अशा वस्तूच्या नोंदीत समाज, प्रदेश, माध्यम (वस्तू कशाची बनली आहे) आणि उपयोग यांना प्राधान्य हवे. नुसते ‘आफ्रिकाना’ लिहिल्यास ती कोणी घडवली आणि कशासाठी, हे कळत नाही, आणि परक्या प्रवाशाचे लेखन व स्थानिक कारागिराची कृती यांतील भेदही पुसला जातो. म्हणून माझ्या मते हा शब्द संपूर्ण संग्रहाचे नाव म्हणून ठेवावा, प्रत्येक वस्तूचे विषयशीर्षक म्हणून नव्हे. केपच्या प्रवासवर्णनाला मात्र तो निःशंकपणे लावता येईल. सोबत लेखक कोणत्या नात्याने तेथे गेला होता, हे टीपेत नोंदवावे.