बायनरी ऑप्शन शिकायचेत, सुरुवात कुठून करू? सल्ला हवा

बेदाणा_तासगाव

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातला. कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याची आवक-जावक आणि हिशेब बघतो. घरची द्राक्षबाग आहे, पण अवकाळीनं हातातोंडाशी आलेला माल घालवला, म्हणून पगाराला जोड शोधतोय.

आत्तेभावानं फोनवर बायनरी ऑप्शनचं ॲप दाखवलं. युरो-डॉलरचा चार्ट, खाली एक हिरवं बटण, एक लाल. रक्कम टाकायची, एक मिनिट किंवा पाच मिनिटांची वेळ निवडायची आणि तेवढ्यात भाव वर जाईल की खाली ते सांगायचं. बरोबर आलं तर १०० चे १८० होतात, चुकलं तर १०० जातात. डिमॅट नाही, मार्जिन नाही, लॉटची भानगड नाही. डेमोवर मला बरं जमतंय. आता २० हजार टाकून खरं खातं उघडावं म्हणतोय.

कुठलं ॲप भरवशाचं? सांगलीत एक जण याचा क्लास घेतो, फी १५ हजार सांगतोय, लावावा का? आणि मराठीत याची मुळापासून माहिती कुठे मिळेल? ज्यांना कळतं त्यांनी मोकळेपणानं सांगा.

हरिपूर_रोड

दादा, सगळं उघड करून विचारलंत ते बरं केलंत. माझं हळदीचं अडत दुकान आहे आणि शेअर बाजारातही बरीच वर्षं आहे. ॲपचं नंतर बघू, आधी गणित.

बरोबर आलं तर नफा ८०, चुकलं तर तोटा १००. प्रत्येकी १०० रुपयांचे १०० सौदे धरा. निम्मे बरोबर आले तर ४,००० मिळाले आणि ५,००० गेले, म्हणजे हजाराचा खड्डा. ५२ बरोबर आले तरी ६४० चा तोटा. ५५ बरोबर आले तरी १०० रुपये कमीच. ५६ बरोबर आले की कुठं ८० रुपये सुटतात. एका मिनिटात युरो कुठं जाणार हे शंभरात ५६ वेळा ओळखायचं, तेही महिनोन्‌महिने. पेआउट, म्हणजे जिंकल्यावर मिळणारा नफा, ७० टक्क्यांवर आणला की हाच आकडा ५९ वर जातो. आणि पेआउट किती ठेवायचा ते ॲपवाला ठरवतो, वेळेप्रमाणे आणि चलनाप्रमाणे बदलत.

आता समोर कोण आहे ते बघा. एनएसईवर ऑप्शन घेतला तर समोर दुसरा कोणीतरी ट्रेडर असतो, मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन असते आणि सौदा पुरा करायची जबाबदारी तिच्यावर असते. इथे समोर ॲपच. तुम्ही जिंकलात तर पैसे त्याच्या खिशातून जाणार, हरलात तर त्याच्या खिशात येणार. भावही तोच दाखवणार. शनिवार-रविवारी चलनाचा बाजार बंद असतो, तरी ॲपवर ओटीसी नावाखाली चार्ट हलतच असतो. तो भाव कुठल्याच बाजारातला नाही, त्यांच्याच सर्व्हरवर तयार होतो. डेमोवर जमतंय म्हणालात, तर डेमोही त्याच सर्व्हरवर चालतो, आणि फुकटचे डॉलर गेल्यावर हात थरथरत नाही. खऱ्या पैशाला माणूस वेगळाच वागतो.

आमच्या सांगलीत हळदीचा वायदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्यातही लोक बुडाले, ते मी नाकारत नाही. पण त्या सौद्यांमागं हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, खरी हळद पडलेली असायची. भाव पडेल म्हणून कोणी आधीच विकून मोकळा व्हायचा, घेणारा ती जोखीम अंगावर घ्यायचा. कोणाचं तरी काम व्हायचं त्यातून. साठ सेकंदांच्या या सौद्यात माल नाही, डॉलर नाही, मुदत संपली की हातात काही येतही नाही. याला मी गुंतवणूक तर सोडाच, ट्रेडिंगही म्हणणार नाही. २० हजार टाकू नका.

पोवई_नाका

वरच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. ॲपचं उत्तर मी देतो: भारतात भरवशाचं एकही नाही, कारण असले सौदे आपल्या कुठल्याच मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर होत नाहीत. चालतात ते सगळे परदेशातून.

रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये परवानगी नसलेल्या फॉरेक्स ॲपची अलर्ट लिस्ट काढली. पहिल्याच यादीत ३४ नावं होती आणि त्यात बिनोमो, ऑलिम्प ट्रेड, आयक्यू ऑप्शन ही सगळ्यांच्या फोनवर जाहिरातीत दिसणारी नावं आहेत. नंतर यादी वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं समजू नका, हेही बँकेनंच बजावलंय. शिवाय अशा ठिकाणी व्यवहार करणाऱ्यावरच फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, कारवाई होऊ शकते. बुडालेले पैसे मागायला जाल तेव्हा हाही प्रश्न समोर येतो.

बाहेरच्या देशांचं बघा. या धंद्याचं मोठं केंद्र इस्राएल होतं, आणि तिथल्या संसदेनंच २०१७ मध्ये तो बंद केला. युरोपियन युनियननं जुलै २०१८ पासून, ब्रिटननं एप्रिल २०१९ पासून सामान्य ग्राहकाला हे विकायला बंदी घातली. ऑस्ट्रेलियाच्या नियामकाला तपासणीत आढळलं की जवळपास ८० टक्के ग्राहक तोट्यात आहेत, मे २०२१ पासून तिथंही बंदी. इस्राएलच्या युकॉम कंपनीच्या प्रमुख ली एल्बाझ यांना २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टानं २२ वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांचे विक्रेते खोटी नावं सांगून, लंडनहून बोलतोय असं भासवून लोकांकडून पैसे भरून घ्यायचे. आज टेलिग्रामवर जे 'सर' मेसेज करतात त्यांची तऱ्हा तीच आहे.

कऱ्हाड_कँडल

एवढं घाबरवायची गरज नाही. अमेरिकेत नडेक्स एक्स्चेंजवर बायनरी कायदेशीर आहेत. शिकागोच्या सीबीओई एक्स्चेंजनं २००८ मध्येच एस अँड पी ५०० या अमेरिकी शेअर निर्देशांकावर बायनरी आणले होते. प्रकार चांगला आहे, लोक शिस्त पाळत नाहीत. सपोर्ट-रेझिस्टन्स, म्हणजे चार्टवर भाव जिथं अडतो त्या पातळ्या, बघून एंट्री घ्यायची आणि मार्टिंगेल लावायचं. हरलं की पुढचा सौदा दुप्पट. एक विन आला की मागचं सगळं वसूल.

हरिपूर_रोड

नडेक्सचं म्हणणं खरं आहे, भावा. पण तिथे सरकारी आयोगाची देखरेख आहे. कॉन्ट्रॅक्टचा भाव ० ते १०० डॉलरच्या दरम्यान घेणारे-विकणारे ठरवतात आणि मुदतीआधी विकून बाहेरही पडता येतं. तासगावच्या माणसाच्या फोनमध्ये ते नाही. त्याच्या फोनमध्ये आहे ते वेगळंच.

मार्टिंगेलचा हिशेब ८० टक्के पेआउट धरून मांडा. पहिला सौदा १०० चा, हरला. दुसरा २०० चा जिंकला तर १६० मिळाले, मागचे १०० वजा, ६० सुटले. दुसराही हरला आणि तिसरा ४०० चा जिंकला तर ३२० मिळाले, मागचे ३०० वजा, २० सुटले. तिसराही हरला आणि चौथा ८०० चा जिंकला तर ६४० मिळाले, पण मागे ७०० गेलेत. जिंकूनही ६० चा तोटा. पाचव्या पायरीपासून पुढं तर जिंकलं तरी खड्डा मोठाच होत जातो. सलग सात हरले तर १२,७०० गेले आणि आठवा सौदा १२,८०० चा करावा लागतो. २० हजारवाल्याकडे तेवढे उरलेले नसतात. आणि दिवसभर मिनिटा-मिनिटाला बटण दाबणाऱ्याला सलग सात हरणं कधी ना कधी गाठतंच.

कऱ्हाड_कँडल

म्हणून तर १०० ऐवजी ३० ने सुरू करायचं. असो, ज्याची त्याची पद्धत.

काउंटर_कोरेगाव

मी बँकेत आहे, रोज काउंटरला बसते, म्हणून राहवत नाही. या ॲपमध्ये पैसे भरताना यूपीआयवर कोणाचं नाव येतं ते वाचा. आज कुठल्या तरी ट्रेडर्सचं, उद्या एखाद्या मोबाइल दुकानाचं, परवा परराज्यातल्या अनोळखी माणसाचं. ॲपचं स्वतःचं नाव कधीच नाही. ही भाड्यानं घेतलेली खाती असतात.

पैसे काढतानाही तसंच. आमच्याकडे एक दूध घालणारा मुलगा आला होता. डेअरीचं बिल ज्या खात्यात जमा होतं त्याच खात्यात त्यानं ॲपमधून ७ हजार काढून घेतले होते. पाठवणारं खातं दुसऱ्याच कुठल्या तरी फसवणुकीत सापडलं, परराज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आलं आणि याच्या खात्यातून पैसे काढणं बंद झालं. दुधाचं बिल जमा झालेलं पासबुकात दिसत होतं, पण पेंडीच्या दुकानदाराला द्यायला एक रुपया निघत नव्हता. त्याची आई पासबुक घेऊन काउंटरला उभी होती आणि मला तिला सांगावं लागलं की हे आमच्या शाखेच्या हातात नाही, ज्या पोलिसांनी पत्र दिलं त्यांच्याकडूनच सोडवून आणावं लागेल. मुलानं कोणाला फसवलं नव्हतं. तरी त्याला त्या राज्यातल्या पोलिसांकडे कागद पाठवत बसावं लागलं.

बेदाणा_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. ५५ बरोबर येऊनही तोटा, हे मी वहीत मांडून बघितलं, खरंच आहे. क्लास लावत नाही, खातंही उघडत नाही.

अजून दोन गोष्टी विचारतो. बाजार शिकायचाच असेल तर नीट मार्ग कोणता? आणि आत्तेभावाचे ११ हजार त्या ॲपमध्ये आहेत. काढायला गेला की 'बोनसची उलाढाल पूर्ण करा' असं येतंय. भरताना त्याला ५ हजार बोनस दिला होता.

पोवई_नाका

बोनसच्या अटी उघडून बघायला सांगा. ४० पट उलाढाल लिहिली असेल तर ५ हजारांच्या बोनसवर २ लाखांचे सौदे केल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत. आता वरचंच गणित लावा: निम्मे अंदाज बरोबर धरले तर प्रत्येक १०० च्या सौद्याला सरासरी १० रुपये जातात. २ लाखांच्या उलाढालीत २० हजार. खात्यात आहेत ११. अट पुरी होण्याआधीच खातं रिकामं होणार, आणि अट त्यासाठीच घातलेली असते.

त्याला सांगा, एकही नवा सौदा करायचा नाही. बोनस रद्द करून मूळ रक्कम मागायची सोय असेल तर ती मागायची. 'टॅक्स भरा', 'व्हेरिफिकेशन फी भरा, मग सोडतो' म्हणाले तर एक पैसाही पाठवायचा नाही. चॅट, व्यवहाराचे यूटीआर नंबर, ज्या यूपीआयवर पैसे गेले ती नावं, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग १९३० ला फोन आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. उशीर केला की पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत फिरत जातात आणि अडवणं अवघड होतं. आणि तक्रारीनंतर 'तुमचे अडकलेले पैसे काढून देतो' म्हणणारे फोन येतील, ते उचलूच नका. बुडालेल्या लोकांचे नंबर याच टोळ्या एकमेकांना विकतात.

हरिपूर_रोड

शिकायचं असेल तर असं करा. सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदलेल्या ब्रोकरकडे डिमॅट उघडा. ब्रोकरचा नोंदणी क्रमांक आयएनझेडनं सुरू होतो, सल्लागाराचा आयएनएनं, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएचनं. सेबीच्या साइटवर तो क्रमांक टाकून नाव जुळतंय का बघा. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदलेल्या ब्रोकरला पैसे पाठवायचा यूपीआय पत्ताही ओळखता येतो, त्यात 'व्हॅलिड' हा शब्द येतो. क्लासवाल्या सरांनाही हाच क्रमांक विचारायचा. सेबी आणि तिची प्रशिक्षण संस्था एनआयएसएम यांची गुंतवणूकदारांसाठी मोफत परीक्षा आहे. तिचा अभ्यास करा, १५ हजारांच्या क्लासपेक्षा पुष्कळ जास्त कळेल.

एक कळकळीनं सांगतो. इथून उठून थेट एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शनमध्ये, जाऊ नका. ते कायदेशीर आहे, पण सेबीच्याच अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघालेत, सरासरी माणशी २ लाखांच्या आसपास. बेदाण्याच्या पगारात ते बसत नाही. २० हजारांतले निम्मे-अधिक बागेच्या औषधपाण्याला बाजूला ठेवा. उरलेल्यातून इंडेक्स फंडात महिन्याला हजाराची एसआयपी लावा, आणि एखाद्या कळणाऱ्या कंपनीचे चार-दोन शेअर डिलिव्हरीत, म्हणजे पूर्ण पैसे देऊन स्वतःच्या खात्यात, घेऊन तिचे तिमाही निकाल वाचत चला. भाव पडला तरी शेअर आपल्या नावावर राहतो.

पगाराला जोड हवी असेल तर ती बाजारातून लवकर येणार नाही, हे धरूनच चला. तुम्हाला कोल्ड स्टोरेजचा हिशेब येतो. तासगाव-सांगलीत बेदाण्याचे कितीतरी छोटे व्यापारी जीएसटीचं काम बाहेर देतात. ते धरलंत तर पहिल्या महिन्यापासून पैसे दिसतील.

बेदाणा_तासगाव

जीएसटीचं डोक्यात आलं नव्हतं. सौदे बाजारात दोघा-तिघांना विचारतो. आत्तेभावानं बोनस रद्द करून पैसे मागितलेत, ॲपवर 'प्रक्रिया सुरू' दाखवतंय. १९३० ची तक्रार मी स्वतः शेजारी बसून करून घेतो.

काउंटर_कोरेगाव

पैसे आलेच तर पाठवणाऱ्याचं नाव आधी बघा. अनोळखी व्यक्तीचं खातं असेल तर ती रक्कम खर्चू नका, दुसऱ्या खात्यात वळवू नका, त्याच दिवशी शाखेत लेखी कळवा आणि पोचेचा शिक्का घ्या. पगाराच्या खात्यावर मागवले असतील तर आजच शाखेत जाऊन बोलायला सांगा. तक्रारीची पावती सोबत न्या.