कोकणातल्या घराच्या अंगणात पाणी तुंबते: अभियंत्याकडून लेव्हलचा नकाशा करून घ्यावा का?

पागोळी

नमस्कार. दापोली तालुक्यात आमचे आठ गुंठ्यांचे आवार आहे. घर जुने, चिऱ्याचे आणि कौलारू असून तिथे आई-बाबा दोघेच राहतात. गेली तीन वर्षे पावसाने जोर धरला की अंगणात पाणी तुंबते, आणि मागच्या आषाढात ते दोनदा पडवीत शिरले. पूर्वी असे कधी झाले नव्हते. मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या: समोरचा रस्ता काँक्रीटचा होऊन उंच झाला, आणि खालच्या अंगाच्या शेजाऱ्यांनी जुना गडगा काढून तिथे सिमेंटची सलग भिंत घातली.

आतापर्यंत तिघांनी तीन उपाय सांगितले. एकाने अंगणात शोषखड्डा मारायला सांगितला, दुसऱ्याने पडवीच्या भिंतींना वॉटरप्रूफिंगचे रसायन लावायला, आणि तिसऱ्याने टाकी खणून आपोआप सुरू होणारा पंप बसवायला सांगितले. (आमच्याकडे पाऊस यायच्या आधी वीज जाते, हे त्या सद्गृहस्थांच्या गावी नसावे.) तालुक्यातला एक तरुण अभियंता मात्र म्हणाला की लेव्हल (म्हणजे आवारातली कोणती जागा किती उंच-सखल आहे याची मापे) घेतल्याशिवाय मी काहीच सांगणार नाही, लेव्हल, नकाशा आणि कामाचा तपशील मिळून १२,००० रुपये होतील. बाबांचे म्हणणे असे की पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते आम्हाला डोळ्यांनी दिसते, त्याला नकाशा कशाला हवा? एवढ्याशा कामासाठी हा खर्च करावा का, आणि केला तर त्या नकाशात नेमके काय मागून घ्यावे?

माजघर

आमच्याकडे अगदी असाच ओलावा होता आणि नकाशा न काढता तो थांबला, म्हणून लिहिते. छपराच्या दोन बाजूंचे पाणी एकाच कोपऱ्यात येऊन जोत्याशी आदळत होते. आम्ही वळचणीला पन्हळ लावून खाली उतरणारा पाइप जमिनीलगत पाच-सहा मीटर लांब नेला, एवढेच. तुम्ही एकदा भर पावसात छत्री घेऊन आवाराला फेरी मारून पाहा. पाणी फक्त पागोळ्यांचे असेल, तर अभियंत्याला बोलावण्याची गरज नाही.

ओळंबा

मी स्थापत्य अभियंता आहे आणि आता निवृत्त झालो आहे. माजघर यांचा सल्ला योग्य आहे आणि पहिली पायरी तीच असावी. पण इथे पाण्याची बाहेर जाण्याची वाटच दोन बाजूंनी बंद झालेली दिसते, आणि तशा ठिकाणी पन्हळ लावून पाणी फक्त एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते.

आधी पाणी किती आहे ते पाहू. आठ गुंठे म्हणजे सुमारे ८१० चौरस मीटर. त्यातले घराचे छप्पर १२० धरू. लहान आवारात सगळे पाणी काही मिनिटांत खाली पोहोचते, त्यामुळे दिवसभरात किती मिलिमीटर पाऊस झाला याला इथे फारसा अर्थ नाही. पंधरा मिनिटांच्या सरीचा जोर पाहावा लागतो. कोकणात पाव तासात २५ मिलिमीटर, म्हणजे तासाला १०० मिलिमीटरचा वेग, मुळीच अशक्य नाही. (मुंबईतली जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती, म्हणजे याच्या चौथाई.) छपरावरचे जवळजवळ सगळे आणि भिजलेल्या जमिनीवरचे निम्मे पाणी वाहून येते असे धरले, तर सेकंदाला साधारण १३ लिटर पाणी बाहेर काढावे लागेल. वरच्या अंगाने दुसऱ्याचे पाणी आवारात येत असेल तर ते यात धरलेले नाही. ते हद्दीलगतच चर मारून बाजूने वळवावे, अंगणात घेऊच नये.

आता शोषखड्डा. सव्वा मीटर लांब-रुंद आणि दीड मीटर खोल खड्डा दगडांनी भरला की दगडांमधल्या पोकळीत जेमतेम ९०० लिटर पाणी मावते. सेकंदाला १३ लिटरच्या हिशेबाने तो मिनिटभरात भरतो. खालचा जांभा पाणी पिईल असे कुणी म्हणेल, आणि वैशाखात तो पितोही. पण श्रावणात आवारातल्या विहिरीचे पाणी हाताला लागत असेल, तर जमीन तुडुंब भरलेली आहे आणि खड्डाही खालूनच भरणार आहे. रसायनाबद्दल एवढेच सांगतो की ते भिंतीतला ओलावा कमी करते, पडवीच्या उंबऱ्यावरून येणारे पाणी अडवत नाही.

उरतो तो उताराने पाणी बाहेर नेण्याचा मार्ग, आणि नकाशाची गरज इथेच लागते. १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप १०० मीटरला १ मीटर ढाळाने टाकला तर भरून वाहताना सेकंदाला सुमारे १८ लिटर पाणी नेतो. तोच पाइप २०० ला १ या ढाळाने टाकला तर १३ च्या आतबाहेरच राहतो, म्हणजे जादा पाण्यासाठी काहीच जागा उरत नाही. त्यात चार पाने अडकली की संपले. शंभराला एक ढाळ दिला तरी ११० मिलिमीटरचा पाइप सातच्या घरात थांबतो. वीस-बावीस मीटरच्या लांबीत या दोन ढाळांमधला फरक अवघा ११ सेंटिमीटर आहे, आणि तो कुणाच्याही नजरेला दिसत नाही. चाळीस वर्षे हे काम करूनही मला दिसत नाही.

नकाशात काय मागावे: न हलणारी एक खूण धरून आवारभर दर तीन मीटरवर घेतलेल्या लेव्हल, पडवी, जोते, फाटक, रस्त्याची कड आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रस्त्याच्या गटाराचा तळ, विहीर, सेप्टिक टाकी, झाडे, पुरलेल्या नळ्या, पाणी सध्या कुठून कसे वाहते याचे बाण. त्यावर नव्या लेव्हल, पाइपचा व्यास, ढाळ, प्रत्येक चेंबरमध्ये पाइपच्या तळाची लेव्हल, आणि पाइपच्या लांबीतून घेतलेला एक छेद, म्हणजे जमीन आणि पाइप बाजूने पाहिल्यासारखे दाखवणारे चित्र. भिंतीपासून पहिल्या तीन मीटरमध्ये जमीन किमान १५ सेंटिमीटर उतरती असावी, हेही लिहून घ्या. पाणी अखेर कुठे सोडायचे ते ज्या नकाशात नाही, त्याचे पैसे देऊ नका.

दस्तऐवज

शेजाऱ्यांच्या भिंतीचा मुद्दा मागे पडू नये. जुना गडगा नुसत्या रचलेल्या दगडांचा असतो, त्यातून पाणी झिरपून जाते. सलग भिंत म्हणजे बंधाराच. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ च्या उदाहरणांत स्पष्ट म्हटले आहे की वरच्या जमिनीवर पडणारे आणि ठरावीक पाटातून न वाहणारे पाणी खालच्या जमीनमालकाने नैसर्गिकपणे वाहू दिले पाहिजे. मात्र हे पसरून वाहणाऱ्या पाण्याबद्दल आहे. तुम्ही ते पाइपात गोळा करून एका तोंडाने त्यांच्या आवारात सोडाल, तर त्याला हा आधार मिळणार नाही. माझा सल्ला असा की नोटिशीची भाषा काढण्याआधी तो नकाशा घेऊन त्यांच्या ओटीवर बसा आणि भिंतीच्या तळाशी दोन-तीन भोके ठेवण्याची विनंती करा. रस्त्याच्या गटाराला जोडणी करायची असल्यास ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा लागेल, आणि अर्जासोबत लेव्हल दाखवणारा नकाशा असला की बोलणे सोपे जाते.

पागोळी

सर्वांचे मनापासून आभार. माजघर यांच्या सांगण्यावरून बाबांनी फेरी मारली. पन्हळीचे पाणी फाटकाकडेच सोडलेले आहे, तरीही ते फिरून घराकडे येते. त्यामुळे शेवटी त्या अभियंत्याला बोलावले. त्याने तुळशीवृंदावनाचा ओटा १०० मीटर धरला आणि बाबांच्याच हाती पट्टी दिली. आकडे असे आले: अंगणातली सर्वांत खोलगट जागा ९९.५८, पडवी ९९.७२, फाटकाचा उंबरा ९९.७४, रस्त्याची कड ९९.८६. म्हणजे पाण्याला फाटकातून बाहेर जायचे तर आधी पडवीत दोन सेंटिमीटर चढावे लागते! अंगणाचा ढाळ रस्त्याकडे आहे असे आम्ही सगळे आजवर शपथेवर सांगत होतो. बाबा आकडे लिहिलेला कागद बराच वेळ पाहत बसले आणि मग म्हणाले, "रस्ता व्हायच्या आधी तो होताच की."

फाटकासमोर गटाराचा तळ ९९.३० आहे, पण घरापासून तिरक्या रेषेत २२ मीटरवर रस्त्याखालची मोरी आहे, तिचा तळ ९८.९५. पाइप कुठे न्यावा याबद्दल त्याचा नकाशा पुढच्या आठवड्यात येईल. आपले मत आधी कळले तर बरे.

ओळंबा

मोरीकडेच न्या. पाइपचा तळ अंगणात ९९.२५ ठेवावा लागेल, आणि तो फाटकासमोरच्या गटाराच्या तळापेक्षा खाली जातो, त्यामुळे तिथे पाणी उलटे येईल. मोरीच्या तोंडाशी तो ९९.०३ वर पोहोचतो. म्हणजे २२ मीटरला २२ सेंटिमीटर ढाळ मिळतो आणि मोरीच्या तळापासून ८ सेंटिमीटर वर तोंड राहते. अंगणाच्या बाजूला पाइपवर जेमतेम १७ सेंटिमीटर माती राहील, तेव्हा तेवढ्या भागावर गाडी उभी करू नका किंवा वर काँक्रीटचा थर द्या. जाळीच्या चेंबरचा तळ पाइपपेक्षा वीतभर खाली ठेवा, म्हणजे गाळ तिथेच बसेल आणि वडिलांना खोऱ्याने काढता येईल. भर पावसात मोरीच तोंडापर्यंत भरते का, हे रस्त्यापलीकडच्या घरी विचारा. भरत असेल तर मला पुन्हा लिहा, कारण मग हे सगळे गणित बदलते.

आणि चर बुजवण्यापूर्वी दर तीन मीटरवर पाइपच्या लेव्हल पुन्हा घ्यायला लावा. ही फेरी १२,००० मध्ये धरलेली आहे की नाही, ते आजच विचारून ठेवा.

पागोळी

विचारले. धरलेली नव्हती, आता धरली आहे. मोरीबद्दल पलीकडच्या काकूंनी सांगितले की ती तीन वर्षांत कधी तोंडापर्यंत भरली नाही, पण गणपतीच्या आधी तिच्यातले माडाचे झावळे कुणीतरी काढावे लागतात. ते काम बाबांनी स्वतःकडे घेतले आहे.